हेड क्लिअरन्सचा इतिहास : नायट्रो मॉडेल कारपासून दिल्लीच्या रस्त्यांपर्यंत

प्रस्तावना

सरोजिनी नगर म्हटले की तुम्हाला दिल्लीतला कपड्यांचा बाजार आठवेल. इंजिनाच्या इतिहासासाठी हे नाव विचित्र वाटेल, पण नकाशा उघडून पाहा. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाणारी ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत सफदरजंग विमानतळाला लागून आहे. या विमानतळाचे जुने नाव विलिंग्डन एअरफील्ड, आणि दिल्ली फ्लाइंग क्लबची विमाने इथूनच उडत. पश्चिमेला काही किलोमीटरवर दिल्ली छावणी आहे, जिथे दरवर्षी एनसीसीचे प्रजासत्ताक दिन शिबिर भरते. दक्षिणेला हौज खास, म्हणजे आयआयटी दिल्ली. क्वार्टरच्या खाली उभ्या असलेल्या दोन-स्ट्रोक स्कूटर, रिंग रोडवरच्या ऑटोरिक्षा, एनसीसीच्या वायुदल शाखेतील मुलांची मॉडेल विमाने आणि आजच्या विद्यार्थ्यांच्या नायट्रो कार ही सगळी एकाच कुळातली यंत्रे आहेत. त्या सगळ्यांना एकच प्रश्न सोडवावा लागला : पिस्टन सर्वात वर गेल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये किती जागा ठेवायची?

ही जागा म्हणजे हेड क्लिअरन्स. मॉडेल कारच्या इंजिनात ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. या टिपणात आपण पाहणार आहोत की ही फट कोण ठरवते. वरवर पाहता कारखाना ठरवतो. इतिहास पाहिला तर ती इंधन ठरवते, आणि इंधन बहुतेक वेळा इंजिनाच्या मालकाच्या हातात नसते. ते कधी रसायनशास्त्रज्ञ ठरवतो, कधी न्यायालय, कधी सरकार.

हे टिपण वाचायला अंतर्ज्वलन इंजिनाचा पहिला अभ्यासक्रम पुरेसा आहे. शेवटी स्वाध्याय दिला आहे. तो कागदावर सोडवा.

१. फट कशासाठी?

सिलिंडरमधील एकूण जागेला पिस्टन वर असताना उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. ऑटो चक्राचे सूत्र तुम्ही शिकला आहात : रेशो वाढला की कार्यक्षमता वाढते. मग फट शून्य का करत नाहीत?

पहिले कारण यांत्रिक आहे. ३.५ सीसीच्या मॉडेल कार इंजिनाचे उदाहरण घेऊ. बोअर १६.२७ मिमी, स्ट्रोक १६.८ मिमी, वेग मिनिटाला ३०,००० फेरे. क्रँकची त्रिज्या ८.४ मिमी, कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३,१४२ रेडियन. त्रिज्या गुणिले वेगाचा वर्ग केला तर सुमारे ८३,००० मीटर प्रति सेकंद वर्ग येतात. कनेक्टिंग रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट लांब धरला तर टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वात वर असताना, हे त्वरण आणखी पावपट वाढते. ते गुरुत्वीय त्वरणाच्या दहा हजार पटींहून जास्त झाले. पिस्टन आणि पिन मिळून ५ ग्रॅम धरले, तरी रॉडवर सुमारे ५०० न्यूटन बल येते. पाच ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी पन्नास किलोच्या पोत्याइतका वरच्या दिशेने ओढत असतो. रॉड किंचित ताणला जातो, बेअरिंगमधली ढिलाई एका बाजूला जाते, धातू तापून फुगतो. हाताने फिरवताना मिळालेली फट पूर्ण वेगात तेवढी राहत नाही.

दुसरे कारण ज्वलनाचे आहे. मिश्रण जास्त दाबले तर ते जास्त तापते आणि आपण ठरवलेल्या क्षणाआधी पेटते, किंवा ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेला भाग एकदम स्फोटासारखा जळतो. यांत्रिक कारणाने किमान मर्यादा मिळते. प्रत्यक्षात ठेवायची फट मात्र ज्वलनच ठरवते, म्हणून पुढचा इतिहास मुख्यतः ज्वलनाचा आहे.

२. शिशाची तार

फट मोजायची कशी? इंजिन बंद असते, आत डोळा जात नाही. मोठ्या तेल इंजिनांच्या फिटरांनी यावर एक साधी रीत वापरली, आणि ती आजही चालते. पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवायचा, हेड बसवून बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायचे, फ्लायव्हील हाताने एकदा टीडीसीपलीकडे न्यायचे, हेड उघडायचे आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. शेतावरच्या डिझेल इंजिनाच्या भाषेत याला बम्पिंग क्लिअरन्स म्हणतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. विहिरीवरचे पंप, उसाचे चरक, पिठाच्या गिरण्या या इंजिनांवर चालल्या. ती दुरुस्त करणाऱ्या गावोगावच्या मिस्त्रींनी बहुधा ऑटो चक्राचे सूत्र पाहिले नव्हते. शिशाची तार मात्र त्यांना ठाऊक होती. हेड आणि सिलिंडर यांच्यामधली पॅकिंग किती जाड घ्यायची हे ते तारेवरून ठरवत.

मॉडेल इंजिनात हीच रीत वापरतात, फक्त शिशाऐवजी सोल्डरची मऊ तार असते. ग्लो प्लग काढा. प्लगच्या भोकातून तार आत घाला आणि तिचे टोक लायनरच्या भिंतीला टेकवा. फ्लायव्हील सावकाश फिरवून पिस्टन टीडीसीवरून पलीकडे न्या. तार बाहेर काढून चेपलेले टोक मोजा. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

अ) तार गजन पिनच्या रेषेत, म्हणजे पिनच्या दोन टोकांच्या बाजूला टेकवा. पुढच्या किंवा मागच्या बाजूला टेकवली तर पिस्टन पिनवर तिरका होतो आणि माप चुकते.

आ) दोन्ही टोकांना मापून सरासरी घ्या. दोन मापांत मोठा फरक आला तर हेड वाकडे बसले आहे असे समजा आणि बोल्ट तिरप्या क्रमाने पुन्हा आवळा.

इ) तार फार बारीक असेल तर चेपणारच नाही, फार जाड असेल तर बेअरिंगमधली ढिलाई दाबून टाकेल. अपेक्षित फटीच्या दुपटीच्या आसपास जाडी चांगली.

हेडखाली पातळ धातूच्या रिंगा असतात, त्यांना शिम म्हणतात. साधारण ०.१ आणि ०.२ मिमी जाडीच्या शिम मिळतात. शिम वाढवली की फट वाढते आणि कॉम्प्रेशन उतरते.

०.१ मिमीने किती फरक पडतो? वरच्या ३.५ सीसी इंजिनाच्या बोअरचे क्षेत्रफळ २.०८ चौरस सेमी आहे. टीडीसीला उरलेली जागा ०.३६ सीसी धरली तर भौमितिक रेशो १०.७ येतो. ०.१ मिमीच्या शिमने ही जागा ०.०२१ सीसीने वाढते आणि रेशो १०.२ होतो. आता ५० मिमी बोअर, ४९.५ मिमी स्ट्रोक आणि ९ रेशो असलेले सुमारे १०० सीसीचे मोटारसायकल इंजिन घ्या. तेवढ्याच शिमने त्याचा रेशो ८.८७ होतो. पहिल्यात घट अर्ध्या अंकाची, दुसऱ्यात जेमतेम आठव्या हिश्शाची. इंजिन लहान होते, पण कागदाच्या जाडीइतकी चूक त्याच्याबरोबर लहान होत नाही. मॉडेल इंजिनाला हातातली कसोशी मोठ्या इंजिनापेक्षा जास्त लागते ती यामुळे. हे भौमितिक रेशो आहेत. दोन-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावरच दाब सुरू होतो, त्यामुळे प्रत्यक्ष रेशो यापेक्षा कमी असतो.

३. रिकार्डो, नॉकिंग आणि पंपावरचा आकडा

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमान इंजिनांची ताकद वाढवताना अभियंत्यांना एक भिंत लागली. कॉम्प्रेशन वाढवले की इंजिन ठोके मारायचे आणि पिस्टन फुटायचे. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी यावर दोन कामे केली, आणि दोन्ही आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहेत.

पहिले म्हणजे त्यांनी कॉम्प्रेशन बदलता येणारे एक सिलिंडरचे संशोधन इंजिन बनवले, जे ई-३५ या नावाने ओळखले जाते. निरनिराळी इंधने त्यात घालून प्रत्येक इंधन किती कॉम्प्रेशन सोसते हे त्यांनी मोजले. नॉकिंगमध्ये इंधनाचाच मोठा वाटा असतो हे त्यातून दिसले. दुसरे म्हणजे १९१९ च्या सुमारास त्यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनासाठी नवे हेड आणले. त्यात हेडचा एक भाग पिस्टनच्या अगदी जवळ येत असे. पिस्टन वर येताना त्या अरुंद जागेतला वायू जोराने बाजूच्या पोकळीत ढकलला जाई. या खळबळीमुळे ज्वाला वेगाने पसरते आणि नॉकिंगला वेळच मिळत नाही. आज तुमच्या मॉडेल कारच्या हेडमध्ये बाहेरच्या कडेला जी सपाट पट्टी दिसते, तिला स्क्विश बँड म्हणतात. सोल्डरच्या तारेने आपण मोजतो ती हीच फट.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये शोधून काढले की टेट्राएथिल लेड थोडेसे मिसळले की नॉकिंग थांबते. १९२० च्या दशकातच ऑक्टेनची मोजपट्टी तयार झाली आणि दशकाच्या अखेरीस ती मोजणारे प्रमाणित सीएफआर इंजिन आले. त्या इंजिनात सिलिंडर हँडलने वर-खाली करून कॉम्प्रेशन ४ पासून १८ पर्यंत बदलता येते. इंजिन चालू असताना ठोके सुरू होईपर्यंत रेशो वाढवायचा आणि तेच ठोके माहीत असलेल्या इंधनाशी ताडून पाहायचे. पेट्रोलचे ऑक्टेन आजही याच पद्धतीने ठरते. पंपावरचा ९१ हा आकडा मुळात एका हलत्या हेड क्लिअरन्सवर मोजलेला आकडा आहे.

४. लहान इंजिनाचे तीन मार्ग

आता मॉडेल इंजिनाकडे वळू. मोठ्या इंजिनात पेटण्याचा क्षण ठरवायला वेगळी यंत्रणा असते. लहान इंजिनात ती ठेवायला जागा नसते. या अडचणीची तीन उत्तरे निघाली.

पहिले उत्तर ठिणगीचे. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम ब्राऊन यांचे ‘ब्राऊन ज्युनियर’ हे सुमारे १० सीसीचे इंजिन लोकप्रिय झाले. ते चालायचे चांगले, पण कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचे वजन विमानाला वाहावे लागे. याच काळात खांबाला तारेने बांधून गोल फिरवायच्या मॉडेल कारच्या शर्यती अमेरिकेत सुरू झाल्या. आजच्या नायट्रो कारच्या त्या पूर्वज.

दुसरे उत्तर दाबाचे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये ‘डायनो’ हे मॉडेल डिझेल आले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, ब्रिटनमध्ये मिल्स १.३ हे इंजिन बाजारात आले. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण त्यात जाळत. या इंजिनांत हेडच्या जागी एक उलटा पिस्टन असतो आणि तो वरच्या स्क्रूने खाली-वर करता येतो. म्हणजे हेड क्लिअरन्स चालू इंजिनावर, बोटांनी बदलायचा! रिकार्डोंना प्रयोगशाळेत जे लागले ते शाळकरी मुलाच्या हातात आले. स्क्रू घट्ट केला की मिश्रण लवकर पेटते. सैल केला की उशिरा पेटते आणि इंजिन अडखळते. टायमिंग आणि कॉम्प्रेशन यांचे नाते समजून घ्यायला यापेक्षा चांगले शिक्षण-साधन मला माहीत नाही. भारतात कोलकात्याला ‘अरोरा’ या नावाने मॉडेल इंजिने तयार झाली आणि त्यांत मिल्सच्या धर्तीचे छोटे डिझेलही होते. एनसीसीची वायुदल शाखा १९५० मध्ये सुरू झाली आणि एअरोमॉडेलिंग तिच्या प्रशिक्षणाचा भाग बनले. दोन तारांनी धरून गोल उडवायच्या विमानांवर छात्रांच्या कितीतरी पिढ्यांनी असा स्क्रू आणि नीडल एकत्र फिरवायला शिकले.

तिसरे उत्तर तारेचे. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही खाणीतल्या सुरक्षा दिव्यावर काम करत असताना त्यांना दिसले की वायू आणि हवेच्या मिश्रणात धरलेली तापलेली प्लॅटिनमची तार ज्वाला नसतानाही लाल राहते. पृष्ठभागावरच्या उत्प्रेरणाची ही सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आहे. एकशे तीस वर्षांनी, १९४७ मध्ये, रे आर्डेन यांनी अमेरिकेत ग्लो प्लग विक्रीला आणला. त्यात प्लॅटिनम मिश्रधातूची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना ती दीड व्होल्टच्या सेलवर तापवायची. इंजिन चालू झाले की सेल काढून टाकायचा, कारण मिथेनॉलची वाफ त्या तारेवर जळत राहते आणि तारेला पुढच्या फेऱ्यापर्यंत लाल ठेवते. कॉइल गेली, बॅटरी गेली, स्क्रूही गेला. काही वर्षांतच बहुतेक मॉडेल इंजिने ग्लो प्लगवर गेली. १९७० च्या दशकात रेडिओने चालवायच्या एक-अष्टमांश आकाराच्या कारनी हेच इंजिन घेतले.

या तिसऱ्या उत्तराची किंमत समजून घ्या. डिझेलमध्ये टायमिंगसाठी स्क्रू होता. ग्लो इंजिनात टायमिंगची एकही कळ नाही. मिश्रण केव्हा पेटणार हे चार गोष्टी मिळून ठरवतात : कॉम्प्रेशन, इंधनातले नायट्रोमिथेन, प्लग किती गरम जातीचा आहे, आणि मिश्रणात इंधन किती आहे. चारांपैकी एक बदलली की उरलेल्या तीन पुन्हा तपासाव्या लागतात.

५. नायट्रो आणि ट्यूनिंगचा क्रम

नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे एक किलो पूर्ण जाळायला त्याला फक्त सुमारे १.७ किलो हवा लागते. मिथेनॉलला ६.४५ किलो आणि पेट्रोलला १४.७ किलो लागते. किलोमागे नायट्रोमिथेनची उष्णता कमी आहे, सुमारे ११.३ मेगाज्यूल, मिथेनॉलची सुमारे २० आणि पेट्रोलची सुमारे ४४. पण इंजिनात मर्यादा हवेची असते, इंधनाची नाही. एक किलो हवेमागे हिशेब केला तर पेट्रोल ३.०, मिथेनॉल ३.१ आणि नायट्रोमिथेन ६.६ मेगाज्यूल देते. तेवढ्याच श्वासात दुप्पट ताकद मिळते ती अशी.

नायट्रो वाढवले की मिश्रण लवकर पेटते. म्हणून नायट्रो वाढवताना कॉम्प्रेशन उतरवायचे, म्हणजे शिम घालायची. नायट्रो कमी करताना शिम काढायची. ३.५ सीसीच्या कार इंजिनात फट साधारण ०.५ ते ०.७ मिमी या पट्ट्यात असते. कमी नायट्रोला खालचे टोक, जास्तीला वरचे. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा मात्र नेहमी पहिला.

विद्यार्थ्यांच्या संघांना माझे सांगणे एकच असते : क्रम पाळा. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या ‘फुल थ्रॉटल’सारख्या इंजिन-कारच्या स्पर्धांसाठी तयारी करताना बहुतेक जण आधी कार्ब्युरेटरच्या नीडलला हात घालतात, कारण ती बाहेर दिसते. क्रम असा हवा.

पहिले, इंधन ठरवा आणि पूर्ण हंगामात बदलू नका. डब्यावरची टक्केवारी वजनाने आहे की आकारमानाने हे वाचा.

दुसरे, त्या इंधनासाठी हेड क्लिअरन्स मोजा आणि लावा.

तिसरे, प्लग निवडा. थंड हवेत आणि कमी नायट्रोला गरम प्लग, दिल्लीच्या मे महिन्यात थंड प्लग.

चौथे, हाय-स्पीड नीडल थोडी उघडी, म्हणजे इंधन जास्त, अशी ठेवून सुरुवात करा. कार धूर सोडत पळाली पाहिजे. मग एका वेळी घड्याळाच्या एका तासाच्या काट्याएवढीच नीडल बंद करत जा.

पाचवे, लो-स्पीड नीडल आणि शेवटी आयडल.

सहावे, एक फेरी मारून लगेच प्लग काढून तार पाहा. तार सरळ, चकचकीत असेल तर ठीक. वाकडी, दबलेली किंवा राखाडी खरबरीत असेल, पिस्टनच्या डोक्यावर बारीक खड्डे दिसत असतील, तर मिश्रण लवकर पेटते आहे. इंधन भरपूर देऊनही हे थांबले नाही तर फट कमी आहे. ०.१ मिमीची शिम घाला. नीडलने हा दोष लपवू नका. इंधन जास्त देऊन आवाज काही वेळ शांत होतो, पण दुपारी हवा तापली की दोष परत येतो आणि या वेळी रॉड तुटतो.

लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असल्याने थंड नवे इंजिन टीडीसीला घट्ट लागते. ते फट संपल्याचे लक्षण नाही. हेड हेअर ड्रायरने गरम करून मग फिरवा. जोर लावू नका.

६. दिल्ली, १९९८

आता मॉडेल बाजूला ठेवून रस्त्यावर या. १९६० पासून पुण्यात बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या, दिल्लीला लागून असलेल्या फरिदाबादेत एस्कॉर्ट्सने राजदूत बनवली. सरोजिनी नगरसारख्या सरकारी वसाहतींमध्ये घरची गाडी म्हणजे बहुधा दोन-स्ट्रोक स्कूटर. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचे, आणि ते नेमके कोण मोजतो? ऑइल जास्त पडले की हेडवर आणि पिस्टनवर काजळीचा थर चढे. थर म्हणजे उलटी शिम : फट कमी, कॉम्प्रेशन जास्त, आणि काजळीचे लाल निखारे आगाऊ पेटवायला तयार. चढावर टकटक ऐकू आली की मिस्त्री हेड काढून खरवडत. यालाच डिकार्बनायझिंग म्हणत. क्लिअरन्स परत मिळवण्याचे ते काम होते, मग कोणी त्याला त्या नावाने ओळखो वा न ओळखो.

१९९८ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलैचा प्रसिद्ध आदेश दिला. दिल्लीत १ सप्टेंबर १९९८ पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. वर्षअखेरपर्यंत सुटे टू-टी ऑइल थांबवून पंपावरच मोजून मिसळलेले मिश्रण द्यायचे ठरले. १९९० पूर्वीच्या ऑटोरिक्षा आणि टॅक्सी बदलायच्या होत्या आणि ३१ मार्च २००१ पर्यंत सगळ्या बस सीएनजीवर न्यायच्या होत्या. शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले.

अभियंत्याच्या नजरेने हा आदेश पुन्हा वाचा. मिजली यांनी १९२१ मध्ये शिशाने नॉकिंग दाबले होते. शिसे काढले की एक तर रिफायनरीने ऑक्टेन दुसऱ्या मार्गाने द्यावे, नाही तर इंजिनाने कॉम्प्रेशन उतरवावे. मोजलेल्या मिश्रणाने धूर कमी करायचा होता. त्याबरोबर काजळीही कमी बसते आणि फट टिकते. सीएनजी पेट्रोलपेक्षा बरेच जास्त कॉम्प्रेशन सोसते. पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनात ते नुसते किट लावून जाळले तर तो फायदा वाया जातो. आणि दोन-स्ट्रोक इंजिनात न जळलेला वायू एक्झॉस्टमधून निसटतो, त्यामुळे दोन-स्ट्रोक सीएनजी रिक्षांतून बराच मिथेन बाहेर पडत असल्याचे पुढच्या अभ्यासांत दिसले. श्वास घेण्यासाठी हा निर्णय आवश्यक होता, यात वाद नाही. पण इंधन बदलले की इंजिनाचे आतले माप पुन्हा विचारात घ्यावे लागते, हा धडा त्यात आहे.

७. २०२१ आणि आज

युरोपियन युनियनने स्फोटकांच्या गैरवापराच्या भीतीने नायट्रोमिथेनवर मर्यादा घातली. आधीच्या नियमात सामान्य ग्राहकाला वजनाने ३० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण मिळे. २०१९ च्या नियमाने ही मर्यादा १६ टक्के केली आणि ती १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाली. आता वरचा क्रम आठवा. २५ टक्क्यांसाठी शिम लावलेले इंजिन १६ टक्क्यांवर मंद, थंड आणि आयडलला अडखळणारे होते. उपाय म्हणजे एक शिम काढणे आणि एक पायरी गरम प्लग. ब्रसेल्समधल्या कायद्याचे उत्तर कार्यशाळेत ०.१ मिमीने द्यावे लागले.

भारतात हाच प्रश्न आज २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने उभा केला आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त. भारतीय मानकात ई-२० साठी किमान ९५ धरला आहे, साध्या पेट्रोलला ९१. पण इथेनॉलची उष्णता किलोमागे सुमारे २७ मेगाज्यूलच आहे. नवे इंजिन जास्त कॉम्प्रेशनने घडवले तर ऑक्टेनचा फायदा घेऊन तूट काही प्रमाणात भरून निघते. ९१ साठी घडवलेल्या जुन्या इंजिनाची फट तीच राहते. त्याला तूट पूर्ण मिळते, फायदा मिळत नाही. तुमच्या घरच्या मोटारसायकलचे ॲव्हरेज का उतरले असेल, याचे निदान अर्धे उत्तर इथे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे रबर, सील आणि कार्ब्युरेटरच्या जेटसाठी, वेगळे टिपण लागेल.

८. मिथेनॉलची सावधगिरी

हा भाग गाळू नका. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तेच मिथेनॉल तुमच्या इंधनाच्या डब्यात आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालते. थोड्या मात्रेनेही कायमचे अंधत्व येते. त्वचेतून आणि वाफेतूनही ते आत जाते. त्याची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही.

म्हणून : हातमोजे घाला, उघड्यावरच इंधन भरा, डब्यावर ठळक अक्षरांत ‘मिथेनॉल – विष’ लिहा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत इंधन कधीही ठेवू नका. तोंडाने नळी ओढू नका. सुटे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन आणून घरी मिसळू नका. लेबल असलेले तयार इंधन घ्या.

सारांश

डेव्हींची तार, रिकार्डोंचे हेड, मिल्सचा स्क्रू, आर्डेनचा प्लग आणि मिस्त्रीची शिशाची तार यांना जोडणारी गोष्ट म्हणजे इंधन आणि फट यांचे नाते. इंधन ठरले की फट ठरते. इंधन बदलले की ती पुन्हा मोजावी लागते. मॉडेल कारचे इंजिन हे नाते टेबलावर, दहा सेंटिमीटर सोल्डर आणि एका मायक्रोमीटरने दाखवते. इलेक्ट्रिक मोटारी वाढत असल्या तरी देशातल्या कोट्यवधी इंजिनांत इंधन बदलत राहणार आहे, आणि त्यांच्याविषयीचे निर्णय तुमच्यापैकी कोणी तरी घेणार आहे.

स्वाध्याय

१. ३.५ सीसी इंजिनात गजन पिनच्या दोन टोकांना ०.५२ आणि ०.५८ मिमी अशी मापे मिळाली. सरासरी फट ०.६५ मिमी हवी आहे. किती जाडीची शिम घालाल? दोन मापांतील फरकाबद्दल काय कराल?

२. विभाग २ मधील आकडे घेऊन ०.२ मिमीची शिम काढल्यावर मॉडेल इंजिनाचा भौमितिक रेशो काढा. मूळ फट ०.५ मिमी असेल तर हा बदल सुरक्षित आहे का?

३. नायट्रोमिथेनची घनता १.१४, मिथेनॉलची ०.७९ आणि तेलाची ०.९६ धरा. आकारमानाने १२ टक्के तेल असलेल्या इंधनात नायट्रो वजनाने १६ टक्के असेल, तर आकारमानाने किती? (उत्तर सुमारे १२ टक्के यावे.)

४. मॉडेल डिझेलचा उलटा पिस्टन आणि सीएफआर इंजिनाचे हलते सिलिंडर यांची तुलना करा. दोन्हींत मोजणारा कोण, आणि तो कशावरून निर्णय घेतो?

५. तुमच्या भागातील एखाद्या अनुभवी मिस्त्रीला भेटा. शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हा, किंवा इथेनॉलचे प्रमाण वाढले तेव्हा, त्यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत काय बदलले ते विचारा आणि एका पानात लिहा. त्यांचे शब्द जसेच्या तसे नोंदवा. पुस्तकी शब्द घालू नका.